ओल्या वाळूतली रेघ आणि सेव्हन आयर्न: सैल हाताने स्विंगचा सराव

सुकतीची वेळ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

कोकणातून गोल्फवर धागा म्हटल्यावर काही जणांना नवल वाटेल. पण आपल्याकडे बोटीवर जाणारी माणसं वाडीवाडीत आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना कुठल्यातरी बंदरात रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, बादलीभर बॉल मारता मारता या खेळाची गोडी लागते. मग सुट्टीवर घरी आलं की क्लबची (गोल्फच्या काठ्यांची) बॅग माळ्यावर आणि तोंडात एकच वाक्य, इथे कुठे कोर्स आहे! खरंय, खारघरला सिडकोचा आहे पण आमच्या रत्नागिरीच्या माणसाने रोज उठून तिकडे कसं जायचं. तरीही मला मनापासून वाटतं की स्विंग सुधारायला लागतं ते सगळं आपल्या दारात आहे. ओली वाळू, सारवलेलं खळं आणि घाई नसलेली संध्याकाळ. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

हल्ली स्विंग शिकायचा म्हणजे मोबाईल उघडायचा. एक सांगतो डावा हात सरळ ठेव, दुसरा म्हणतो उजवं कोपर बरगडीला चिकटव, तिसरा कंबर आधी फिरव, चौथा डोकं हलवू नकोस. एकेक सूचना आपापल्या जागी बरोबर असते, पण हे सगळं डोक्यात घेऊन माणूस बॉलसमोर उभा राहिला की खांदे कानापर्यंत चढलेले, दातावर दात आणि ग्रिप इतकी आवळलेली की बोटांची पेरं पांढरी पडलेली. आता हिशोब बघा. क्लब वरून खाली बॉलपर्यंत यायला साधारण पाव सेकंद लागतो. डोळ्याने काही दिसून हात हलेपर्यंतच जवळपास तेवढा वेळ जातो. बॉल क्लबफेसला, म्हणजे क्लबच्या मारायच्या सपाट भागाला, टेकलेला असतो तो तर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढाच. त्या पाव सेकंदात कोपर, कंबर, मनगट आणि डोकं यांना वेगवेगळे हुकूम कोण सोडणार आणि ते ऐकणार कोण?

म्हणून शरीराला सूचना द्यायचं थांबवून त्याला एक काम द्यायचं. काम शरीराच्या बाहेरचं पाहिजे, डोळ्याला दिसणारं पाहिजे आणि झालं की नाही ते लगेच कळणारं पाहिजे. खाडीत पाग (फेकायचं जाळं) टाकणारा माणूस बघा, मनगट किती वळलं इकडे त्याचं लक्षच नसतं, नजर असते ती पाण्यात मासळी चमकली त्या जागेवर, आणि पाग गोल उघडून तिथेच पडतो. हात शिकलेलेच आहेत त्याचे, पण शिकले ते ती जागा बघून बघून.

हे नुसतं माझं मत नाही. गॅब्रिएल वुल्फ म्हणून संशोधक आहेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली गोल्फवरच केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नवख्या लोकांना पिच शॉट (जवळच्या टार्गेटवर उंच टाकायचे फटके) शिकवले, काहींना सांगितलं आपल्या हातांच्या हालचालीकडे लक्ष द्या, बाकीच्यांना सांगितलं क्लबच्या हालचालीकडे लक्ष द्या. क्लबकडे लक्ष देणारे जास्त अचूक निघाले, आणि नंतर काहीच न सांगता परत चाचणी घेतली तेव्हाही तेच पुढे राहिले. फरक केवढासा बघा, हात की हातातला क्लब. पण तेवढ्याने शिकणं बदललं.

आता वाळू. ओहोटी बरीच उतरली की भरतीच्या रेषेखाली जी वाळू उघडी पडते, पाय ठेवला तर ठसा उमटतो पण पाय रुतत नाही, ती आपल्याला हवी. काठीने लांब सरळ रेघ ओढायची, टार्गेटच्या दिशेला काटकोनात. एक पाय रेघेच्या या बाजूला, एक त्या बाजूला. बॉल ठेवायचा नाही, रेघ हाच बॉल. सेव्हन आयर्न (मधल्या अंतराचा लोखंडी क्लब) घ्या, अर्धाच स्विंग करा, कमरेपासून कमरेपर्यंत, आणि वाळू कुठे उडाली ते बघा. मग वीतभर पुढे सरकून रेघेच्या कोऱ्या भागावर परत.

उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या हिशोबाने सांगतो. ओरखडा रेघेच्या उजवीकडे सुरू झाला तर खऱ्या बॉलला तो फॅट शॉट, आधी जमीन मग बॉल. रेघेवर सुरू होऊन डावीकडे, टार्गेटच्या बाजूला चार बोटं गेला तर चोख. वाळूला लागलंच नाही तर टॉप होणार, म्हणजे क्लब बॉलच्या डोक्यावर लागणार. आयर्नच्या चांगल्या शॉटला क्लब सगळ्यात खाली येतो तो बॉलच्या थोडा पुढे, ते इथे स्वच्छ दिसतं, गवतावर इतकं स्वच्छ कधीच दिसत नाही. ओरखड्याचं तोंड कुठे आहे तेही बघा. टार्गेटच्या डावीकडे वळलेला असेल तर क्लब बाहेरून आत येतोय, स्लाइसने (बॉल उजवीकडे वळत जाण्याने) वैतागलेल्यांचा बहुतेक असाच असतो. ओल्या वाळूत ओरखड्याचे काठ इतके रेखीव राहतात की क्लबच्या टोकाकडची बाजू जास्त खोल गेली की टाचेकडची, हेही बोट फिरवून कळतं.

आता खरी गोष्ट. दुरुस्ती करायची नाही. "मागे लागलं, कंबर अडकली वाटतं" असं मनात सुरू झालं की पुन्हा त्याच गर्दीत सापडलात. फक्त मोठ्याने सांगायचं, दोन बोटं मागे. रेघेवर. एक बोट पुढे. आणि हे सांगायचं खाली बघायच्या आधी. स्विंग संपला, नजर समोर समुद्राकडे, अंदाज बोलायचा आणि मग वाळू बघायची. अंदाज आणि ठसा जुळायला लागले म्हणजे हाताला क्लबचं टोक कुठे आहे ते कळायला लागलं, आणि एकदा ते कळलं की ठसेच रेघेकडे सरकायला लागतात. आपण मुद्दाम काही न करता. मला या खेळातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

ग्रिपचं पण असंच. एक म्हणजे क्लब हातातून गळून पडेल आणि दहा म्हणजे जीव खाऊन आवळलेला, असं धरलं तर चारच्या आसपास ठेवा. पण आकड्यापेक्षा तो टिकतो का ते बघा. सुरुवातीला चार होता तो वर जाईपर्यंत आठ झाला का? बदलू नका, फक्त स्विंग झाल्यावर आकडा सांगा. बॉलजवळ येताना हात आपसूक थोडे घट्ट होतात, ते होऊ द्या. आणि क्लब मागे न्यायला सुरुवात करायची ती श्वास सोडताना. श्वास धरून सैल राहता येत नाही, करून बघा.

दोन गोष्टी हात जोडून सांगतो. किनाऱ्यावर खरा बॉल मारू नका. माणसं असतात, पोरं खेळत असतात, होड्या ओढलेल्या असतात, आणि समुद्रात गेलेला बॉल म्हणजे रबर आणि प्लास्टिकचा गोळा कायमचा पाण्यात. भोकाभोकाचा प्लास्टिकचा हलका बॉल मिळतो तो वापरा आणि उचलून घरी न्या. दुसरं, नोव्हेंबर ते मार्च वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. घरटी भरतीच्या रेषेच्या वर कोरड्या वाळूत असतात. आपण ओल्या पट्ट्यातच राहायचं, वर खणाखणी नाही.

वेळेचं गणित तुम्हाला सांगायला नको, ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी लांब जातं तेव्हा पट्टा ऐसपैस मिळतो, अष्टमीच्या भांगाला कमी.

तुमचे अनुभव लिहा.

---

कातळसडा

वाचनखूण साठवली. लक्ष क्लबकडे की हातांकडे, याने एवढा फरक पडत असेल असं वाटलं नव्हतं.

एक व्यावहारिक शंका. खाऱ्या वाळूत क्लब घातला की गंज नाही का धरणार? आमच्याकडे खिडकीचे गज टिकत नाहीत. आणि आमचं घर सड्यावर आहे, समुद्र खाली लांब, वर सगळा जांभा. तिथे काय करावं?

---

सुकतीची वेळ

गंज धरतो, नीट काळजी घेतली नाही तर. घरी आल्याबरोबर गोड्या पाण्याने धुवायचा, क्लबफेसच्या खाचांतली वाळू जुन्या दातांच्या ब्रशने काढायची, फडक्याने पुसून वाऱ्यावर उभा करायचा. ओला क्लब बॅगेत कोंबायचा नाही. ग्रिपला, म्हणजे क्लबच्या मुठीला, खारट हाताचा ओशट थर बसतो, तिला साबणाचं पाणी लावा. वाळूसाठी एखादा जुना क्लब वेगळा ठेवलात तर बरं, नव्या सेटवर ओरखडे येतात.

जांभ्यावर मात्र क्लब अजिबात नको, क्लबही जाईल आणि मनगटही. सड्यावर पावसाळ्यानंतर गवत वाढतं त्यात दगड लपलेले असतात तेव्हा तिथे पण नको. परसात माडाच्या आळ्याजवळची मऊ माती बघा, नाहीतर पोत्यात वाळू भरून पसरट ओता आणि पाणी मारून थोपटा. हातभर जागा पुरते, रेघ पुसायची नि परत ओढायची.

---

प्रश्नचिन्ह

लेख आवडला पण पूर्ण पटला नाही, स्पष्टच लिहितो.

सैल राहा, रेघेकडे बघा, सगळं आपोआप होईल हे ऐकायला छान आहे. पण एखाद्याची ग्रिपच चुकीची असेल, क्लबफेस उघडाच (उजवीकडे तोंड करून) येत असेल, तर तो आयुष्यभर शांत चित्ताने स्लाइस मारत राहील! तंत्र कोणीतरी शिकवावं लागतंच ना? शिवाय तुम्ही एक प्रयोग सांगितलात तर दुसरी बाजू पण सांगायला हवी. सियान बायलॉक या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं पटिंगवरचं (बॉल हलकेच घरंगळत भोकात घालण्यावरचं) काम आहे २००४ सालचं. त्यात मुरलेले खेळाडू आपल्या हालचालीवर लक्ष ठेवून सावकाश मारायला लागले की बिघडले, पण नवखे उलट तसं केल्यावर चांगले खेळले. म्हणजे नवख्याला पायरी पायरीने विचार करणं उपयोगी पडतं.

---

सुकतीची वेळ

प्रश्नचिन्ह, चांगला मुद्दा काढलात, आणि माझ्या लिहिण्यात हे सविस्तर यायला हवंच.

ग्रिप, पाय, खांदे आणि क्लबफेस कुठे रोखलाय, हे सगळं स्विंगच्या आधीचं. तेव्हा बॉल जागेवर आहे, तुम्ही जागेवर आहात, वेळच वेळ आहे. तिथे खुशाल विचार करा, आरशात बघा, जाणकाराकडून हात धरून शिकून घ्या. ग्रिप वाकडी असेल तर नुसत्या शांततेने ती सरळ होणार नाही, शंभर टक्के मान्य. माझं म्हणणं एकदा क्लब हलला की पुढच्या सेकंदाबद्दल आहे. तिथे एकच काम.

बायलॉक यांचं काम मलाही माहीत आहे. पटिंग म्हणजे हळू आणि छोटी हालचाल, तिथे नवख्याला विचार करायला फट सापडते. पूर्ण स्विंगमध्ये सापडत नाही. माझा अनुभव असा की नवख्याला पायऱ्या सांगायच्याच तर त्या क्लबच्या भाषेत सांगाव्यात. "मनगट वळव" म्हणण्याऐवजी "क्लबचं टोक आभाळाकडे दाखव". हालचाल तीच होते पण माणूस आखडत नाही.

आणि स्लाइसवर. बॉल निघतो तो मुख्यतः क्लबफेस जिकडे बघतोय तिकडे, आणि हवेत वळतो तो क्लबफेस आणि क्लबची वाट यांचं जमत नाही म्हणून. फेस वाटेच्या मानाने उघडा असला की उजवीकडे वळणार. हे कळलं की त्यालाही काम देता येतं. मोकळ्या जागेत समोर एक माड धरा, हलका बॉल घ्या आणि काम एकच, बॉल माडाच्या उजवीकडून निघून डावीकडे वळला पाहिजे. सरळ मारायचाच नाही. जितका जास्त वळेल तितका चांगला. स्लाइसवाला माणूस सरळ मारायच्या नादात आणखी आखडतो, पण मुद्दाम उलटा वळव म्हटलं की तो खेळायला लागतो, आणि त्या खेळात हात फेस बंद करायचं शोधून काढतात. मग हळूहळू वळण कमी करत आणायचं.

---

प्रश्नचिन्ह

हं, आधीचं आणि नंतरचं असं वेगळं केलंत ते पटलं. माडाचा प्रयोग करतो आणि कळवतो.

---

डबलबारी

बरा लिवलास रे झिला. माका गोल्फातला फारसा कळना नाय, पुतण्या खेळता, मी बघतंय. पण एक गोष्ट ध्यानात इली ती सांगल्याशिवाय ऱ्हवाक जमना नाय. पुढे सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहितो.

मी आमच्या वाडीच्या भजनात पखवाज वाजवतो. पुतण्याने दाखवलेल्या व्हिडिओत सांगत होते की चांगल्या खेळाडूंचा क्लब मागे जायला जेवढा वेळ लागतो त्याच्या एक तृतीयांश वेळात तो खाली बॉलवर येतो. तीनास एक. म्हटलं हे तर केरवा तालात बसतंय! धा गे ना ती न क धि न, आठ मात्रा. पहिल्या धा-ला क्लब मागे निघायचा, सहा मात्रा वर, धि-ला खाली यायला सुरुवात, दोन मात्रा, आणि पुढच्या आवर्तनाची सम म्हणजे बॉल. सहास दोन म्हणजे तीनास एकच झालं की नाही? गजराच्या द्रुत लयीत एक आवर्तन साधारण सेकंदात होतं आणि ह्या लोकांचा स्विंगही तेवढ्यातच आटपतो म्हणे.

पुतण्याला खळ्यात उभा केला, मी तोंडाने बोल म्हणत राहिलो आणि त्याला सांगितलं की सम चुकवायची नाही, एवढंच बघ. दोन-तीन आवर्तनं नुसता उभा राहून ऐक आणि मग क्लब उचल. पोरगा आधी वर गेला की घाई करायचा, हिसका द्यायचा. समेची वाट बघायला लागल्यावर तो हिसकाच गेला. क्लबचा आवाज पण बदलला, आधी वरच सुस्कारा यायचा, आता खाली पायाशी येतो.

---

सुकतीची वेळ

काका, हे लाखमोलाचं लिहिलंत! हा उपाय मला कुठे वाचायला मिळाला नसता.

आवाजाचं जे म्हणालात ते तर नेमकं आहे. क्लब उलटा धरून, म्हणजे डोक्याकडची बाजू हातात आणि ग्रिप खाली असा धरून फिरवला की सूं आवाज स्वच्छ येतो. तो आवाज बॉलच्या जागी किंवा किंचित पुढे आला तर वेग योग्य ठिकाणी येतोय. उजव्या खांद्याजवळच आला तर वेग वरच उधळला. काम एकच, आवाज खाली आणायचा. मनगट, कोपर कशाचं नावच काढायचं नाही. आता यात तुमचा केरवा घातला की सम आणि सूं एकत्र आले पाहिजेत.

---

खारघरची वाट

मी खारघरला खेळते, माहेर दापोलीकडचं म्हणून धागा उघडला आणि सगळा वाचून काढला.

रेंजवाल्यांसाठी माझी भर. रेंजवर लोक काय करतात तर एकच सेव्हन आयर्न घेऊन बादली रिकामी होईपर्यंत एकाच बोर्डाकडे मारत राहतात. दहाव्या-पंधराव्या बॉलनंतर छान बसायला लागतो आणि वाटतं आलं आपल्याला. दुसऱ्या दिवशी कोर्सवर पहिल्या टीला (जिथून पहिला फटका मारतात तिथे) उभं राहिलं की गायब. याचं कारण फार पूर्वी, १९७९ साली शे आणि मॉर्गन या दोघांच्या प्रयोगात दिसलं होतं (गोल्फवर नव्हता, हाताच्या साध्या हालचालींवर होता). तेच ते सलग करणाऱ्यांची सरावात प्रगती जास्त दिसते, पण आलटून पालटून करणाऱ्यांना नंतर जास्त लक्षात राहतं. सरावात चाचपडल्यासारखं होतं, टिकतं मात्र तेच.

म्हणून मी रेंजवर अख्खा कोर्स खेळते. डोळ्यासमोर पहिलं होल आणायचं, ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) मारायचा, बॉल जिथे गेला असता तिथून पुढचा शॉट कुठल्या क्लबचा ते ठरवायचं, तो मारायचा, मग चिप (भोकाजवळचा छोटा फटका). प्रत्येक बॉलला नवा क्लब, नवं टार्गेट, मागे येऊन नव्याने उभं राहायचं. बादली अर्ध्या वेळात संपत नाही आणि डोक्याला कोपर-कंबर आठवायला सवडच राहत नाही कारण ते कामात असतं.

आणि लांब मारायचा हव्यास सोडून द्या हो. २०२१च्या ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकला अदिती अशोक चौथी आली तेव्हा आपण सगळे पहाटे उठून टीव्हीसमोर बसलो होतो, आठवतंय? ड्राइव्हच्या लांबीत ती इतरांच्या बरीच मागे होती. पण पटिंग काय करत होती! शेवटच्या दिवशीपर्यंत पदकाच्या शर्यतीत होती ती त्या पटरच्या जोरावर.

---

फिजिओताई

धागा छान चाललाय. तब्येतीच्या बाजूने थोडं सांगते, कारण ओली वाळू वाचून जरा काळजी वाटली.

ओली दाबलेली वाळू बऱ्यापैकी कडक असते. तिच्यात पूर्ण ताकदीने सेव्हन आयर्न आपटला की झटका थेट मनगट आणि कोपराच्या आतल्या बाजूला जातो. गोल्फर्स एल्बो म्हणतात तो हाच, आतल्या बाजूच्या हाडाच्या टोकाला जिथे स्नायूंच्या दोऱ्या चिकटलेल्या असतात तिथे दुखतं. घट्ट ग्रिप हे त्याचं एक मोठं कारण, त्यामुळे धागाकर्त्याचा चारचा आकडा कोपरासाठीही चांगलाच. अर्धाच स्विंग, वाळू नुसती खरवडली गेली पाहिजे, खड्डा पडायला नको. कोपर आतून दुखायला लागलं तर त्या दिवशी थांबा, दुसऱ्या दिवशी पण दुखलं तर दाखवून घ्या.

गोल्फमध्ये दुखापत सगळ्यात जास्त कमरेला होते. क्लब हातात घ्यायच्या आधी पाच-दहा मिनिटं किनाऱ्यावर झपझप चाला, मग क्लब खांद्यावर आडवा घेऊन हळूहळू दोन्ही बाजूंना फिरा. बागेत दिवसभर वाकून काम केलंय आणि संध्याकाळी लगेच स्विंग, असं नको.

---

नवी पालवी

सगळ्यांचे आभार. माझी शंका अगदीच बाळबोध आहे. मुलगा बारा वर्षांचा, टीव्हीवर बघून मागे लागलाय. आम्ही गुहागरजवळ राहतो. सेटच्या किमती बघून घाबरायला झालं. आणि आता पाऊस तोंडावर आलाय, समुद्र खवळलेला, वाळूवर कसा पाठवू. काही करता येईल का, की एवढ्यात नाद करू नये?

---

सुकतीची वेळ

ताई, जरूर करू दे. अख्खा सेट लागतच नाही. नियमाने जास्तीत जास्त १४ क्लब नेता येतात, कमीत कमी किती याला काही बंधन नाही. एक पटर (पटिंगचा क्लब) आणि एक सेव्हन आयर्न, तेही वापरलेले, त्याच्या उंचीला बसतील असे. मोठ्या माणसाचा लांब जड क्लब देऊ नका, तो पेलायच्या नादात पोर आखडतं आणि तीच सवय राहते.

पावसाळ्यात समुद्रावर नकोच. पडवी आहे ना? पडवीत, आणि उघडीप मिळाली की खळ्यात, पटिंग. सारवलेलं खळं असेल तर सोन्याहून पिवळं. खळ्याला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, तो डोळ्याला दिसत नाही पण बॉलला बरोबर दिसतो. नारळाची करवंटी पालथी ठेवा टार्गेट म्हणून. खरा कप, म्हणजे बॉल पडायचं भोक, १०८ मिलिमीटर रुंद असतो, करवंटी साधारण तेवढीच किंवा थोडी लहान भरते. त्याला सांगा, पट मारलास की मान वर करायची नाही, आधी बोलायचं, कमी की जास्त, डावीकडे की उजवीकडे, आणि मगच बघायचं. करवंटीला लागला की नाही याला गुण नाहीत, अंदाज बरोबर आला तर गुण. बघा कसा रमतो ते. रागावणं, हिरमुसणं काही नाही कारण चुकलेला पटसुद्धा बरोबर ओळखला तर गुण मिळतोच. सारवण ताजं असताना बॉल हळू जातो, वाळून घट्ट झालं की सुसाट, म्हणजे वेगवेगळ्या ग्रीनवर (भोकाभोवतीच्या आखूड गवतावर) खेळल्यासारखा सराव आपोआप होतो.

आणि त्याला आपला गोल्फपटू एसएसपी चौरसिया याच्याबद्दल सांगा. वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये ग्रीनकीपर, म्हणजे मैदानाची निगा राखणारे, होते. तिथेच वाढला, आणि इंडियन ओपन २०१६ आणि २०१७ असं लागोपाठ दोनदा जिंकला. लांब मारणाऱ्यांतला नव्हेच. चिप आणि पट यांच्या जोरावर खेळतो म्हणून त्याला चिपपुटसिया म्हणतात. अली शेर तर कॅडी (खेळाडूंच्या बॅगा वाहणारा) होता, आणि १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय झाला. क्लब आणि कोर्स आपले नसताना शिकलेली माणसं आहेत ही.

---

कातळसडा

पोत्याची वाळू ओतून बघितली. थोपटून घट्ट केली नाही तर क्लब भसकन आत जातो, पाणी मारल्यावर जमलं. "दोन बोटं मागे" म्हणायचो तेव्हा प्रत्यक्षात चार बोटं असायचं, आता अंदाज बराच जवळ येतोय. घरच्यांनाही आवडलंय, मी स्विंग केला की सगळे आपापला अंदाज सांगतात.

---

नवी पालवी

सुकती दादा, खूप खूप आभार, पडवीत कालपासूनच काठीने सुरू झालंय! एक राहिलंच. मुलगा डावखुरा आहे. कोणी म्हणतं गोल्फ उजव्यानेच शिकव, डाव्या हाताचे क्लब मिळत नाहीत. काय करू?

---

खारघरची वाट

ताई, त्याला काठी देऊन सांगा की अंगणातला वाळका नारळ जोरात ढकल, आणि तो न सांगता कुठल्या बाजूने उभा राहतो ते बघा. त्याच बाजूने शिकू दे. लिहायचा हात डावा असून उजव्याने सहज खेळणारे असतात आणि उलटेही असतात. आपली गोल्फपटू दीक्षा डागर डावखुरीच खेळते. डावखुरे वापरलेले क्लब मिळायला वेळ लागतो हे खरं, मोठ्या शहरात कोणी ओळखीचं असेल तर सांगून ठेवा. तोपर्यंत दोन्ही बाजूंनी सपाट असलेला पटर मिळतो, डाव्या-उजव्या दोघांना चालतो, तो आधी घ्या.